भिजलेली रास

ज्या कार्तिकात आमच्या घरचा धान भिजला, तो माझ्यामुळे भिजला. ताडपत्री वाऱ्यानं उडाली असं मी घरी सांगितलं होतं. ती उडाली नव्हती, कारण मी ती टाकलीच नव्हती. एवढंच सांगायचं होतं, आणि ते पन्नाशीला टेकेपर्यंत मी कोणाजवळ बोललो नाही. बायकोजवळ नाही, शाळेत ज्यांच्या डब्यातली भाजी इतकी वर्षं खाल्ली त्या सोबत्यांजवळ नाही. काही गोष्टी माणूस मुद्दाम लपवत नाही. नुसता गप्प बसतो, आणि त्या गप्प बसण्याचं खोटं कधी झालं ते त्याचं त्यालाच कळत नाही.

दिवाळी जवळ आली की बालाघाटच्या हवेत कापलेल्या धानाचा वास उतरतो. शहरातून जरा बाहेर पडलं की अर्ध्या डांबरी सडकेवर लोकांनी धान वाळत घातलेला असतो आणि मोटरसायकलवाले न कुरकुरता उरलेल्या अर्ध्यातून जातात. सकाळी धान काढून उरलेल्या तणसावर दव असतं, तेव्हा तो वास ओला आणि गोडसर. दुपारी हार्वेस्टर चालू झाले की तोच वास कोरडा होऊन नाकात टोचतो. शाळेत मुलं शिंकत असतात. मी फळ्याकडे तोंड करून लिहीत असतो आणि खिडकीतून तो वास आला की खडू क्षणभर थांबतो. मुलांना वाटतं, गुरुजी आठवून राहिलेत. बरोबरच आहे त्यांचं.

आमचं गाव तिरोडीच्या अलीकडे. शिवेपलीकडे महाराष्ट्र, आजोळ तिकडचं, सोयरिकी तिकडच्या. घरी मराठी आणि शाळेत हिंदी. या दोन भाषांमधून आमची पिढी वाढली आणि आमच्या डोक्यात दोन वेगळ्या खोल्या झाल्या. लाज मी मराठीत शिकलो, विज्ञान हिंदीत. दोन्ही खोल्यांना मधलं दार नव्हतं.

लहानपणी आई महिन्यातून काही दिवस मागच्या पडवीत बसायची. काहून बसली विचारलं की आमच्याच घरी राहणारी आत्याबाई म्हणायची, "कावळा शिवला तिले." त्यापुढे विचारलं की पाठीत धपाटा. पुढे हायस्कूलमध्ये तो धडा आला तेव्हा गुरुजींनी पानं उलटली आणि म्हणाले, "ये वाला घर से पढ़ लेना, परीक्षा में कम आता है।" मुलींना त्या दिवशी बहनजींनी वेगळ्या खोलीत नेलं आणि आम्हाला मैदानात सोडलं. आम्ही चेंडू मारत होतो आणि बंद दाराकडे बघून एकमेकांना कोपर मारत होतो. मुली बाहेर आल्या त्या खाली बघत. त्यांना आत काय सांगितलं ते आम्हाला कळलं नाही. पुढे कधीतरी वर्गातल्याच एकीला विचारलं, तर ती म्हणाली, "काही नाही. कपडे धुवायचं सांगितलं, अन् कोणाले सांगू नका म्हणून सांगितलं."

मुलींना शिकवलं जात नव्हतं असं लोक म्हणतात. मला तसं वाटत नाही. फार पक्कं शिकवलं जायचं. काय आहे ते सोडून बाकी सगळं. लोणच्याच्या बरणीला हात नको, तुळशीकडे जायचं नाही, डोक्यावरून पाणी कधी घ्यायचं, फडका कुठे वाळवायचा आणि त्याच्यावर दुसरा कोणता कपडा टाकायचा. शिकवणाऱ्या बायका निष्ठुर होत्या असंही नाही. ज्या हातांनी त्या मनाई सांगायच्या त्याच हातांनी पोट दुखलं की सुंठ-गूळ द्यायच्या.

आणि सगळ्यात पक्की मनाई खळ्याची.

आता खळी राहिली नाहीत म्हणून सांगावं लागतं. कापणीच्या आधी घराजवळच्या वावरातली जमीन भिजवून, तुडवून, शेणानं सारवून अशी करायची की ताटाशिवाय जेवता यावं. भारे वाहून आणायचे, पुंजणे रचायचे, मग मधल्या खांबाभोवती बैल फिरवून धान चुरायचा. वाऱ्यावर सुपानं उपणला की कोंडा एकीकडे उडायचा आणि मधोमध रास वाढत जायची. राशीवर झेंडूचं फूल, शेणाचा गोळा आणि खोवलेला विळा. चपला बाहेर. मोठ्यानं बोलायचं नाही, शिव्या तर नाहीतच. आणि जिला दूर बसायचं आहे तिनं खळ्यात पाय ठेवायचा नाही, तिची सावली राशीवर पडू द्यायची नाही. पडली की राशीची बरकत जाते. हे आम्हाला कोणी कधी समजावून सांगितलं नाही. आई खळ्याच्या कडेवर थबकायची आणि टोपली तिथूनच पुढे सरकवायची, ते पाहून आम्ही समजलो.

यातली एक गंमत मला फार उशिरा दिसली. धान कापायला, भारे बांधायला ज्या मजूर बायका यायच्या, त्यातल्या पुष्कळ आमच्या गावच्या बौद्ध वस्तीतल्या होत्या. त्यांच्या घरी असं दूर बसत नव्हते. महिन्याच्या सगळ्या दिवशी त्यांनी आमचा धान कापला, बांधला, डोक्यावर वाहून खळ्यापर्यंत आणला. त्यांना कोणी विचारलं नाही, बाई, आज तुझा कितवा दिवस. विचारलं असतं तर आमचं पीक वावरातच उभं राहिलं असतं. त्यांच्या हातचा धान कधी बिघडला नाही आणि आम्ही तो वर्षभर खाल्ला. डोळ्यांसमोर असलेलं न दिसायलासुद्धा शिकवण लागते. ती आम्हा मुलांना मिळाली होती.

त्या कार्तिकात मी बालाघाटच्या कॉलेजात बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला होतो. दिवाळीच्या सुट्टीत घरी आलो होतो. वंदना, माझी धाकटी बहीण, तेव्हा आठवीत. रास तयार होती, मोजायची राहिली होती. बाबा तिरोडीच्या बाजाराला निघाले. आई आणि आत्याबाई खालच्या वावरात भारे बांधायला.

बाबा सायकलवर टांग टाकता टाकता म्हणाले, "बाबू, आभाळाचा भरोसा नाही. हवा सुटली का तिरपाल टाकजो. कडेनं गोटे ठेवजो, नाही तं जाईन उडून."

"हौ."

"हौ म्हणते अन् पुस्तक घेऊन बसते," आत्याबाई जाता जाता म्हणाली. "बीएस्सीवाल्याले गोटे उचलता येते का, पाहा बाप्पा एकदा."

दुपार कलली. पश्चिमेला आभाळ शिसवी झालं होतं. ताडपत्री खळ्याकडेच्या खोपडीत, राखणीच्या झोपडीत, घडी करून ठेवलेली. मी उठलोच होतो. तेवढ्यात तणसाच्या ढिगामागून वंदना आली. फ्रॉक मागून मुठीत धरलेला.

"दादा, तू डॉक्टरीचं शिकते ना?"

"डॉक्टरीचं नाही. बायो."

"तेच ना मंग. मले रक्त येऊन राह्यलं. सकाळपासून. पोटात काही फुटलं का?"

"पडली का कुठं?"

"नाही ना." ती थोडी जवळ आली. ओठ पांढरे पडले होते. "मी मरते का, दादा?"

मला ते येत होतं. नुसतं येत नव्हतं, बारावीला त्याच आकृतीला मला पैकीच्या पैकी मिळाले होते. नावं, नळ्या, दिवसांचं चक्र, सगळं तोंडपाठ. पण ते सगळं हिंदीत होतं, छापील होतं, आणि समोर माझी बहीण मराठीत उभी होती. कान तापले. मी राशीकडे पाहत म्हणालो, "आईले विचार."

"आई खाली हाय. तू सांग ना. तुले मालूम हाय, दिसून राह्यलं तुह्या तोंडावर."

"घरी जा म्हणलं ना."

ती गेली. धुऱ्यावरून, बांधाबांधानं घराकडे, फ्रॉक तसाच धरून. मी पाहिलं नाही म्हणतो, पण पाहिल्याशिवाय आठवलं कसं असतं. ती दिसेनाशी झाली आणि मला तिथं थांबवेना. ती परत आली तर, आई आली आणि आईनं माझ्याकडे पाहिलं तर, या भीतीनं मी शेजारच्या काकाची सायकल उचलली आणि सरळ तिरोडी स्टेशनला गेलो. ताडपत्री खोपडीतच राहिली.

स्टेशनवर कोणी नव्हतं. खाणीतून येणाऱ्या मँगनीजच्या धुळीनं बाकही काळं आणि माझा पांढरा पायजमाही. बाकावर बसलो तोच पाऊस आला, वाऱ्यासकट. वॅगनमधल्या दगडांवरून काळं पाणी ओघळत होतं. मी तिथं बसून मनातल्या मनात उत्तर जुळवत होतो. "किशोरावस्था में बालिकाओं के शरीर में..." यापुढे मराठी येतच नव्हती. आपल्या घरच्या भाषेत त्याला शब्द होते ते कावळ्याचे, विटाळाचे. दुसरे मला कोणी दिले नव्हते. तरी "घाबरू नको, तू मरत नाहीस" एवढं सांगायला कोणते शब्द लागतात? ते तर होते माझ्याजवळ. पाऊस थांबेपर्यंत मी बसून राहिलो.

परत आलो तेव्हा खळ्यात पाणी साचलं होतं आणि बाबा, आई, आत्याबाई वाकून सुपानं, टोपल्यानं धान बाहेर काढत होते. त्यांनी मला अजून पाहिलं नव्हतं, आणि खोपडीत कोणी डोकावलंही नव्हतं. मी आधी खोपडीत गेलो. ताडपत्रीची घडी उलगडली, मागच्या बाजूनं नेली आणि बाभळीच्या कुंपणावर फेकली. काट्यांत ती अडकली, थोडी फाटली. न टाकणं ही चूक होती. कुंपणावर फेकणं ही चूक नव्हती, ते मी ठरवून केलं.

"तिरपाल?" बाबांनी विचारलं.

"टाकलं होतं. हवेनं उडालं."

"गोटे ठेवलेलं तिरपाल असं कसं उडते?" आत्याबाई म्हणाली. मग आईनं तिच्या कानाशी काही सांगितलं. घरी जाऊन आली होती ती, वंदनाला पाहून. आत्याबाईनं घराकडे पाहिलं.

"दुपारी कुठं होती पोरगी?"

"खयावर," आई म्हणाली.

"मंग हवेले काय दोष देता."

माझ्या खोट्याला एक कारण हवं होतं. ते मला शोधावंही लागलं नाही.

वंदनाला बोलावून खळ्याच्या कडेला, बाहेर, उभं केलं. आत्याबाई तिच्यावर ओरडली असती तर बरं झालं असतं. ती शिकवायच्या आवाजात बोलली. "पाह्य बाई. डोयानं पाह्य. आपल्या अंगचं हे असं असते. तुले मालूम नव्हतं, तुहा काही दोष नाही. पण आता मालूम झालं ना?" वंदनानं मान हलवली. तिनं भिजल्या राशीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी सूप भरत होतो.

तिला तो पहिला धडा मिळाला. पुस्तकापेक्षा, बहनजींच्या बंद खोलीपेक्षा पक्का, उदाहरणासकट. तिच्या शरीरात काय चाललंय ते तिला कोणी सांगितलं नाही. त्यानं काय होतं, एवढं दाखवलं.

तो धान आम्ही अंगणात, पडवीत, खाटांवर वाळवला. काही दाण्यांना पांढरे कोंब फुटले, बाकीचा पिवळा पडला. त्या भाताला आंबूस, कोंदट वास यायचा. हिवाळाभर घरात तोच शिजला. बाबा काही न बोलता खायचे. वंदना थोडासा घ्यायची, जणू तो खायचा तिला हक्क नव्हता. रात्री पोट दुखलं की आत्याबाई तिचं पोट शेकायची, केसांवरून हात फिरवायची. त्या बाईच्या मायेत खोट नव्हती. तिलाही कधी कोणी कशाच्या तरी कडेला उभं करून दाखवलं असेल. आता विचारता येत नाही, ती गेली.

पुढच्या सालापासून वंदना खळ्याकडे फिरकली नाही. त्या दिवसांत नाही आणि इतर दिवसांतही नाही. कोणी म्हणायच्या आधी तीच म्हणायची, "माहा पाय लाभत नाही." लग्न होऊन ती हट्टा या गावी गेली आणि पहिल्याच सुगीला तिनं सासूला आपण होऊन सांगितलं. तिच्याकडे सारवण तिच्या जावा करायच्या, ती भाकरी थापायची. आता तिच्याकडेही हार्वेस्टर येतं. खळं गेलं, बैल गेले, आणि ती मनाई ट्रॉलीत जाऊन बसली. धानानं भरलेली ट्रॉली अंगणात उभी असली की वंदना वळसा घालून जाते.

मी मास्तर झालो. आधी बिरसा गावाकडच्या शाळेत, मग इकडे. तो धडा मी कधी टाळला नाही, मुलामुलींना एकत्र बसवून शिकवतो. सुरुवातीला माना खाली जात. आता एखादी मुलगी हात वर करून विचारते आणि मी न अडखळता सांगतो. इतकी वर्षं मला वाटत होतं की यातून काहीतरी फिटतंय. ज्या मुलीनं विचारलं होतं ती सोडून सगळ्यांना मी उत्तर देत होतो.

यंदा भाऊबीजेला वंदनाकडे गेलो. तिची खुशी, या वर्षी मोठी झालेली, पडवीत वेगळ्या खुर्चीवर मोबाईल घेऊन बसली होती. अंगणात ट्रॉली होती. खुशीचा धाकटा भाऊ पाटावर बसून ओवाळणीची वाट पाहत होता आणि वंदना त्याला म्हणत होती, "दीदी परवा ओवाळीन."

"मामाजी, आप ही समझाओ इनको," खुशी म्हणाली. "मैडम ने साफ बताया है, कुछ नहीं होता।"

"मॅडमचा धान भिजला होता का?" वंदना आतून म्हणाली. "माहा भिजला होता."

"देखो, मम्मी की हर बार वही रील।"

"रील तं रील. पुस्तकात काय असन ते असन. मी डोयानं पाह्यलं." मग आवाज खाली आणून, "एवढ्या वर्षांचा बट्टा हाय माह्यावर. पोरीवर नाही येऊ द्यायचा मले."

मला तिथं उभं राहवेना. मॅडम शिकवतात, पुस्तक शिकवतं, मी शिकवतो, पण वंदनाजवळ पुरावा आहे, आणि तो पुरावा मी कुंपणावर फेकून तयार केला आहे. माझं खोटं वंदनानंतर आता तिच्या पोरीच्या अंगावर चढत होतं.

स्वयंपाकघरात ती पुऱ्या तळत होती. मी दारात बसलो आणि सगळं सांगितलं. स्टेशन, खोपडी, कुंपण. ती ऐकत होती, पुऱ्या फुगत होत्या, ती काढत होती. माझं झाल्यावर ती हसली.

"दादा, तू लहानपणापासून असाच. पोरीसाठी बोलून राह्यला ना?"

"खरं सांगून राह्यलो, वंदे."

"मी दारातून पाह्यलं होतं ना. मोठ्ठ्या पाखरासारखं उडालं ते तिरपाल, बाभयीवर जाऊन बसलं. माह्या डोयासमोर आताही दिसते."

न घडलेली गोष्ट तिला दिसत होती. तिनं झारा कढईच्या काठावर टेकवला आणि कढईकडेच बघत, हळू म्हणाली, "अन् तसं असतं, तं मंग मी एवढे साल काहून..." एक पुरी करपली. तिनं ती काढून बाजूला ठेवली आणि म्हणाली, "जा, भाऊजीसोबत बस. पान वाढते."

तेव्हा मला कळलं की माझ्या एकट्याच्या सांगण्यानं हे फिटणार नाही. ज्यांच्यासमोर तिला उभं केलं त्यांच्यासमोर ते मागे घ्यावं लागेल. आई गेली, आत्याबाई गेली. बाबा आहेत, गावीच. त्या वर्षी गेलेल्या धानाबद्दल त्या दिवसानंतर त्यांनी मला कधी शब्दानं विचारलं नाही, आणि अजून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, माहा बाबू खोटं बोलत नाही. ते वाक्य जाईल, याचं मला भय आहे. म्हणून भाऊबीजेहून सरळ गावाकडे जाता आलं असतं तरी मी बालाघाटला परत आलो.

वंदनाला आणि खुशीला गावी नेऊन, बाबांसमोर बसवून, ताडपत्री मी टाकली नव्हती हे मला सांगायचं आहे. बाबांना आता कमी ऐकू येतं, मोठ्यानं सांगावं लागेल, शेजारीही ऐकतील. ते मी अजून केलेलं नाही.